स्विचवर क्यूओएस लावताय? मग 'ट्रस्ट' आधी बघा

"अवो सर, स्पीड टेस्ट तर भारी दाखवूलाय, मग फोनवर आवाज का तुटूलाय?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अकौंटंट मॅडमनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. पण इथं इंटरनेटचा काही संबंधच नव्हता. शॉप फ्लोअरवरून ऑफिसला येणारी अपलिंक, म्हणजे जोडणारी मुख्य लाईन, १०० एमबीपीएसची, तिच्यावरच कॅमेरे, तिच्यावरच सर्व्हरचा बॅकअप आणि तिच्यावरच आयपी फोन. ग्राफ बघितला तर दिवसभर लिंक निवांत, पण बॅकअप सुटला की पोर्टचा बफर (पॅकेटं थांबायची जागा) भरतो आणि आवाजाची पॅकेटं मागं अडकतात. क्यूओएसनं (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कुठल्या पॅकेटला आधी सोडायचं याचा नियम) रस्ता रुंद होत नाही बरं का, टिळकवाडीत रेल्वे गेट पडल्यावर पुढं कोण उभं राहणार एवढंच ठरतं.

स्विच जुना सिस्को २९६०. आधीच्या कुणीतरी 'एमएलएस क्यूओएस' एवढी एकच कमांड मारून ठेवलेली, आणि खरी गंमत इथंच आहे. ही कमांड नसते तेव्हा स्विच पॅकेटवरच्या खुणेला हात लावत नाही, पण ती चालू केली की सगळे पोर्ट अनट्रस्टेड होतात, म्हणजे फोननं इमानदारीत लावलेला डीएससीपी ४६ (पॅकेटवरची 'हा आवाज आहे, आधी सोडा' ही खूण) स्विच आत घेतानाच पुसून ० करतो. झालं, आवाज नि बॅकअप एकाच रांगेत!

मग फोनच्या पोर्टवर आणि अपलिंकच्या दोन्ही टोकांना 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी' टाकलं. नुसत्या पीसीच्या पोर्टवर मुद्दाम नाही टाकलं, कारण ४६ ची खूण कुठलंही सॉफ्टवेअर लावू शकतं, उगाच सगळ्यांना व्हीआयपी कशाला करायचं. एवढ्यानंही भागत नाही. पोर्टला बाहेर जाणाऱ्या चार रांगा असतात, ४६ जातो पहिल्या रांगेत, आणि त्या रांगेला डीफॉल्ट शेपिंग (स्पीडची मर्यादा) २५, म्हणजे पोर्टच्या स्पीडचा पंचविसावा भाग, १०० मधले फक्त ४ एमबीपीएस. जी ७११ (आवाजाचा नेहमीचा कोडेक) चा एक कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस खातो म्हणून चालून जातं, पण मला ते पटत नाही, अपलिंकवर 'प्रायॉरिटी-क्यू आउट' टाका, पहिली रांग कायम आधी सुटते.

नंतर 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस स्टॅटिस्टिक्स' मारून ४६ चा आकडा वाढतोय का ते बघायचं, आणि बघायचं ते बॅकअप चालू असताना, दुपारी चहाच्या वेळी नाही.