रोज दुपारी पडणारा डीसी ब्रेकर

सोलरचा डीसी ब्रेकर रोज दुपारी एक-दीडला पडतोय आणि संध्याकाळी वर केला की निमूट टिकतोय, असं असेल तर शॉर्ट शोधत वायरी उपटत बसू नका. ५४० वॅटच्या पॅनलचा चालू करंट १३ अँपिअरच्या आसपास, आणि पूर्ण शॉर्ट केला तरी जेमतेम १४. म्हणजे एकच स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलची माळ) असेल तर १६ चा ब्रेकर शॉर्टमुळे पडतच नाही, त्याला पाडते ती गरमी.

अकोल्याला मामांकडे हेच चाललेलं. ब्रेकरचा डबा गच्चीवर भर उन्हात ठोकलेला, मे महिना, आतलं तापमान ६० च्या पुढे सहज जात असणार, आणि एवढ्या गरमीत १६ चा ब्रेकर १६ चा राहत नाही, आतली बायमेटल पट्टी (तापली की वाकून ब्रेकर पाडणारी) आधीच वाकायला टेकलेली असते. त्यात प्लसच्या टर्मिनलला वायर थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता तशीच कोंबलेली, अर्ध्या तारा बाहेर, शेजारचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. लोड चालू असताना प्रत्येक पोलच्या (प्लसचा एक, मायनसचा एक) वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये डीसी व्होल्टेज मोजलं तर प्लसवालं मायनसच्या कितीतरी पट, म्हणजे तिथलाच जोड खराब आणि तोच तापतोय, संपला विषय. (मीटर १००० व्होल्ट डीसीचा हवा आणि ऑटो रेंजलाच ठेवा, मोजताना मधेच ट्रिप झाला तर १० पॅनलचे ५०० व्होल्ट थेट त्याच्यावर येतात.)

थिंबल मारलं, डबा उत्तरेच्या भिंतीला सावलीत घेतला, ब्रेकर बदलून २० चा डीसी टाकला, कारण शॉर्ट करंटच्या सव्वापट धरायचं असतं.

दुकानदार मात्र एसीचा एमसीबी (घरातला नेहमीचा ब्रेकर) पुढे करतो, "सेमच आहे हो". अजिबात सेम नाही! एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत तो शून्यावर येतच नाही, म्हणून आत मॅग्नेट लावून ती ठिणगी ढकलावी लागते. याच मॅग्नेटमुळे बऱ्याच डीसी ब्रेकरवर प्लस-मायनस छापलेलं असतं, उलटं जोडलं तर ठिणगी भलतीकडे जाते आणि लोडवर बंद करताना ब्रेकरच जळतो. त्यामुळे हात लावायच्या आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करा, क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसू द्या (साधा क्लॅम्प डीसी दाखवत नाही, डीसीवालाच लागतो), मगच डीसी खाली करा.