हरणासाठी शॉटगनचे काडतूस: आधी अंतर, मग ताकद

शॉटगनने हरणाची शिकार करण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा काडतुसाच्या ताकदीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. जिथे ही शिकार कायद्याने, परवाना घेऊन आणि ठरलेल्या हंगामात केली जाते, तिथल्या शिकाऱ्याने प्रश्न वेगळा विचारावा, असे मला वाटते. ही नळी आणि हे काडतूस घेऊन मी किती अंतरापर्यंत दर वेळी वीस सेंटिमीटरच्या वर्तुळात मारा करू शकतो? पांढऱ्या शेपटीच्या हरणाची फुप्फुसे आणि हृदय मिळून होणारा मर्मभाग ढोबळमानाने तेवढाच धरतात. या प्रश्नाचे उत्तर हाती नसेल, तर खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आणि ऊर्जेच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज मोठ्या छऱ्यांविषयी आहेत. अमेरिकेत यांना बकशॉट म्हणतात, तर ब्रिटिश पद्धतीत ते एल. जी., एस. जी. अशा अक्षरांनी ओळखले जातात. ‘डबल झीरो’ बकशॉटचा छरा सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो, आणि पावणेतीन इंची बारा बोअरच्या (बोअर हे नळीच्या रुंदीचे माप, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक) नेहमीच्या काडतुसात असे नऊ छरे बसतात. नऊ छऱ्यांमुळे नेम चुकण्याची शक्यता कमी होते, हा समज वरवर पटण्यासारखा असला तरी प्राण्याच्या बाजूने पाहिले तर तो उलटा पडतो. गोल छरा हवेत वेग झपाट्याने गमावतो. नळीतून बाहेर पडल्यावर छऱ्यांचा पसारा दर यार्डाला सुमारे एक इंच वाढतो, असा जुना ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने तीस यार्डांवर तो पाऊण मीटरच्या घरात जातो. मग मर्मभागावर दोन-तीनच छरे लागतात आणि उरलेले पोटात, मांडीत किंवा जबड्यात शिरतात. पोटात छरा घेऊन पळालेले हरीण तासन्‌तास जिवंत राहू शकते आणि बऱ्याचदा सापडतच नाही.

जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याने हरणांसह खुरांच्या शिकारी प्राण्यांवर छरे झाडण्यास बंदी घातली आहे, त्यामागे हेच कारण असावे. अमेरिकेत इलिनॉयसारख्या राज्यात शॉटगनने हरीण मारायचे तर एकच अखंड गोळी, म्हणजे स्लग, वापरावी लागते. दक्षिणेकडील काही राज्यांत मात्र दाट झाडोऱ्यातून कुत्र्यांनी हुसकावलेल्या हरणांवर बकशॉट वापरण्याची परंपरा आहे. मी तिला सरसकट नावे ठेवणार नाही. कठीण किंवा तांब्याचा मुलामा दिलेले छरे, त्यांच्यामध्ये भरलेली प्लॅस्टिकची भुकटी आणि दारू आणि छरे यांच्यामध्ये बसणारी, छऱ्यांना काही अंतर एकत्र धरून ठेवणारी आधुनिक डाट यांमुळे पसारा आता बराच आवळला गेला आहे. तरीही पंचवीस मीटरपलीकडे बकशॉट झाडण्याचे समर्थन मला करता येत नाही. चार नंबरचे बकशॉट तर हरणासाठी विचारातच घेऊ नये. सत्तावीस छऱ्यांचा आकडा मोहक वाटतो, पण प्रत्येक छरा जेमतेम १.३ ग्रॅमचा असतो आणि तो पुरेसा खोल जाईल याची खात्री नसते.

म्हणून बहुतेकांसाठी निवड स्लगची आणि खरा प्रश्न कोणत्या स्लगचा. विल्हेल्म ब्रेनेके या जर्मन बंदूक-तज्ज्ञाने १८९८ मध्ये भरीव शिशाची आणि शेपटाकडे डाट जोडलेली गोळी तयार केली. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांची १९३१ ची रचना याहून वेगळी आहे. ती मागून पोकळ असते, त्यामुळे तिचे वजन पुढे राहते आणि ती बॅडमिंटनच्या फुलासारखी तोंड पुढे ठेवून उडते. दोन्ही प्रकार आतून गुळगुळीत नळीसाठी आहेत. त्यांच्या अंगावरच्या तिरक्या कडा गोळीला गरगर फिरवतात असे अनेकजण मानतात, पण त्यांचा मुख्य उपयोग एवढाच की नळीच्या तोंडाशी असलेल्या चोकमधून, म्हणजे आवळलेल्या भागातून, जाताना शिसे दबायला जागा मिळते. अशा गोळीला सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे अजिबात न आवळलेला किंवा किंचितच आवळलेला, चोक सहसा मानवतो. फार आवळलेल्या फुल चोकच्या वाटेला जाऊ नये.

बारा बोअरची एक औंसाची, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमची फॉस्टर गोळी सेकंदाला सुमारे ४९० मीटर वेगाने निघते आणि शंभर यार्डांवर पोहोचेपर्यंत त्यातला एक-तृतीयांशाहून अधिक वेग गमावते. पन्नास यार्डांवर नेम जुळवला असेल तर शंभरावर ती दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली लागते, म्हणजे मर्मभागाचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग तिथेच हातचा जातो. दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या साध्या माशीवर नेम धरणाऱ्याने साठ-सत्तर मीटरवर थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

नळीत आटे, म्हणजे आतून मळसूत्री खाचा, पाडलेले असतील तर सॅबो स्लग घ्यावी. यात बारीक, लांबट गोळी प्लॅस्टिकच्या खोळीत बसवलेली असते. आटे त्या खोळीला पकडून गोळीला फिरकी देतात आणि बाहेर पडताच खोळ गळून जाते. चांगली नळी, दुर्बीण आणि सराव असेल तर सव्वाशे मीटरपर्यंतचा मारा यातून शक्य होतो. हीच महागडी गोळी गुळगुळीत नळीतून झाडली तर फिरकीअभावी ती हवेत कोलांट्या खाते. नळी आणि गोळी यांची ही जोडी न जुळणे हे शॉटगनने हरीण जखमी होण्याचे अगदी टाळता येण्याजोगे कारण आहे.

तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या, काडतुसांचा मला फारसा मोह नाही. मधल्या अंतरावर हरणाला त्यातून मिळणारा फरक थोडा, पण खांद्याला बसणारा धक्का चांगलाच जास्त असतो, आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणारा शिकारी कोणत्याही काडतुसाने चुकतो. हलक्या अंगाच्या माणसासाठी वीस बोअरची सॅबो उत्तम ठरते. सुरक्षेपुरते सांगायचे, तर पावणेतीन इंची चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेत, तीन इंची काडतूस कधीही घालू नये. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकू शकते आणि त्यामागे बारा बोअरचे काडतूस झाडले तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी.

स्लग लवकर जमिनीवर पडते, म्हणून ती रायफलपेक्षा सुरक्षित, असे गृहीत धरणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेला अभ्यास लक्षात घ्यावा. जमिनीवर आपटून उसळलेली स्लग पुढे बरीच लांब जाऊ शकते, असे त्यात दिसून आले. हरणामागे मातीचा चढ किंवा बांध असल्याशिवाय चाप ओढू नये.

शिशाचा प्रश्नही आता टाळता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे. मांसात शिशाचे कण नकोत असे वाटणाऱ्यांसाठी तांब्याच्या सॅबो स्लग मिळतात. त्या महाग असल्या तरी लागल्यावर नीट पसरतात आणि सहसा आरपार जातात. आरपार गेलेल्या गोळीमुळे रक्ताचा माग स्पष्ट राहतो आणि जखमी प्राण्यापर्यंत पोहोचणे सोपे होते.

हंगामाआधी दोन-तीन कंपन्यांची काडतुसे आणून कागदावर झाडून पाहावीत, कारण एकाच नमुन्याच्या दोन बंदुकांनाही एकच काडतूस मानवेल असे नाही. नळी थंड असतानाच्या पहिल्या गोळीकडे विशेष लक्ष द्यावे. हरणावर झाडायची असते ती तीच. बसून, गुडघ्यावर आणि झाडाला टेकून नेम धरावा. ज्या अंतरावर वर्तुळाबाहेर गोळी पडू लागते, त्याच्या अलीकडचे अंतर आपली मर्यादा मानावी आणि हरीण आडवे किंवा किंचित तिरके पाठमोरे उभे असेल तरच ती वापरावी. एक काडतूस पसंत पडले की त्याच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, पूर्ण हंगाम पुरतील इतकी खोकी एकदमच घ्यावीत, कारण लॉट बदलला की कागदावरचा गोळ्यांचा गट सरकलेला दिसू शकतो आणि नेम पुन्हा जुळवावा लागतो.