श्रवणनोंद : जेसी नॉर्मन आणि स्ट्राउस यांची ‘अखेरची चार गीते’

जर्मन संगीतकार स्ट्राउस यांच्या याच गीतांच्या, गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ यांनी गायलेल्या १९६५ च्या ध्वनिमुद्रणाविषयी मागील नोंद लिहिताना, त्यापुढे अमेरिकन गायिका जेसी नॉर्मन यांची लय फार जड वाटते, असे मी म्हटले होते. ते मत आज मागे घेतो. गेले तीन आठवडे छापील स्वरलिपी समोर उघडी ठेवून, एका रात्री एकच गीत याप्रमाणे नॉर्मन यांची तबकडी ऐकली आणि घाई माझ्या कानांना झाली होती, हे उमगले.

हे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९८२ मधले, लाइपझिगचे. वाद्यवृंद-संचालक कुर्ट मासूर यांच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचे नवे सभागृह सुरू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. रिखार्ड स्ट्राउस यांनी ही गीते मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९४८ मध्ये पूर्ण केली; त्यांतल्या तीन कविता हेर्मान हेस यांच्या आणि एक जर्मन कवी आयखेनडॉर्फ यांची. स्ट्राउस यांची पत्नी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका होती आणि वडील म्युनिकचे नामांकित वादक; हॉर्न हे पितळी सुषिरवाद्य ते वाजवीत. त्यामुळे ‘सप्टेंबर’ या गीतात आवाज थांबल्यावर हॉर्न जे काही बोलतो, ते मला नेहमीच फार घरचे वाटते.

सर्वाधिक वेळ गेला तो ‘झोपी जाताना’ या गीतावर. मधल्या व्हायोलिनच्या एकल वादनानंतर गायिकेला तीच सुरावट उचलायची असते. स्वरलिपीवर बोट ठेवून ऐकताना जाणवले, की नॉर्मन तिथे नव्याने सुरुवात करीत नाहीत. व्हायोलिनने सोडलेली आस त्या अलगद उचलतात आणि आवाज हळूहळू भरत नेतात. ख्याल ऐकणाऱ्यांना ज्या दमसासाचे अप्रूप असते, तो इथे काठोकाठ आहे.

शेवटचे ‘सांजप्रकाशात’ हे गीत त्या जवळजवळ दहा मिनिटे गातात. लय इतकी ठाय, की प्रत्येक स्वराखाली वाद्यवृंदाचा रंग पालटताना स्पष्ट ऐकू येतो. ‘हाच का तो मृत्यू?’ या अखेरच्या ओळीत आयखेनडॉर्फ यांच्या मूळ जर्मन ‘दास’ऐवजी स्ट्राउस यांनी ‘दीस’ हा शब्द घातला. ‘ते’ म्हणून दूर असलेले ‘हे’ म्हणून अगदी जवळ आले. नॉर्मन तो शब्द जराही न दाबता गातात, आणि लगेच हॉर्नवर ‘मृत्यू आणि रूपांतर’ या स्ट्राउस यांच्याच तरुणपणीच्या रचनेतली सुरावट उमटते. त्यानंतर पिकोलोंवर, म्हणजे छोट्या बासऱ्यांवर, कवितेतल्या दोन चंडोलांची शीळ तेवढी उरते. श्वार्त्सकॉफ यांचे उच्चार आजही मला अधिक रेखीव वाटतात. पण ही शांतता तिथे मिळाली नव्हती.

आता वळायचे आहे ते नॉर्वेच्या गायिका कर्स्टन फ्लागस्टाड यांच्याकडे. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंग्लर यांच्यासोबत त्यांनी ही गीते सर्वप्रथम गायली, तीही आजच्यापेक्षा वेगळ्या क्रमाने. ‘झोपी जाताना’ तिथे सुरुवातीलाच येते. तेव्हा पुढची नोंद त्यापासूनच.