फुकटच मां?

हरतालिकेची रात्र. लाईट गेलेत, मोबाईलच्या उजेडात लिहितेय.

दुपारी गणपतीच्या वर टांगायची माटवी बांधत होतो. दादा स्टुलावर, मी खालून कवंडळं आणि तेरड्याच्या जुड्या देत होते. वरल्या घरची काकी रानातून हरणांची फुलं घेऊन आली. टोपली ठेवली, पदराने घाम पुसला आणि सहज म्हणाली, "तुझा ता थयचा शिक्षण म्हणजे सगळा फुकटच मां?" मी हो म्हटलं. दादा काही बोलला नाही. केळीच्या सोपटाची एकच गाठ त्याने दोनदा सोडली आणि दोनदा मारली.

तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही.

फुकट कसं? डीएएडी या जर्मन शिष्यवृत्तीचे महिन्याला 992 युरो येतात, खरं आहे. फ्लेन्सबुर्गला फी नाही, हेही खरं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं ती घेतच नाहीत, सेमिस्टरची वर्गणी भरली की झालं. पण पहिले पैसे जमा व्हायच्या आधीच खोलीसाठी तीन महिन्यांच्या भाड्याचं डिपॉझिट भरावं लागलं, आणि त्यासाठी आईच्या पाटल्या बँकेत गेल्या. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य बुडतो. त्या काळोखातून खोलीवर यायचं आणि सबंध दिवसात मालवणीतला एक शब्द तोंडातून निघालेला नसायचा. ते कुठल्या खात्यावर मांडू?

पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात 4.0 आले. तिकडे 1.0 सगळ्यांत वरचे, 4.0 म्हणजे जेमतेम पास. बाबांना फोनवर "पास झाले" एवढंच सांगितलं. वर्षाअखेरीस अहवाल पाठवायचा, त्यावर पुढच्या वर्षाचे पैसे. ती रात्र मी खिडकीशी बसून काढली. तेव्हा कुणी फुकट म्हणालं असतं तर मी रडलेच असते.

वारासुद्धा फुकटच म्हणतात. देवगडच्या सड्यावरच्या पवनचक्क्या बघत वाढले, म्हणून तर पवनऊर्जा शिकायला गेले. तिथे सुरुवातीलाच बेट्झचा नियम शिकवला, 1920 मधला. वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त ऊर्जा कुठलीच पवनचक्की घेऊ शकत नाही. सगळी काढून घेतली तर हवा पात्यांमागे थिजून राहील, आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. वर्गात बसून हे ऐकताना मला एकदम दादा आठवला. त्याचा डिप्लोमा राहिला तो... जाऊ दे. कलमांची फवारणी अजून तो एकटाच बघतो.

संध्याकाळी काकी परत आली. दारातच घुटमळली. "आमच्या नातवाक पण गावात काय गो?"

नातवालाही मिळेल का, म्हणजे दुपारी तिला एवढंच विचारायचं होतं. भाव विचारत होती बिचारी, आपल्याला झेपेल का म्हणून. आणि मी दिवसभर तो शब्द उरात घेऊन फिरत होते. तिला नुसतं हो म्हणून गप्प बसले, याची आता लाज वाटतेय. मीही तशीच तर आशेने अर्ज भरला होता.

मेणबत्ती लावून वहीच्या पानावर तिला सगळं लिहून दिलं. आधी इथे डिग्री, मार्क चांगले हवेत, जर्मन आत्तापासून, मग मास्टर्सला अर्ज. शेवटी खर्च लिहिला. तीन महिन्यांचं भाडंही लिहिलं. काकीने त्या ओळीवर बोट ठेवलं, "ह्या काय?" मी सांगितलं. ती आईच्या हातांकडे बघत राहिली. आई विळीवर नारळ खवत होती, काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या.

"ता लिहू नको गो," दादा आतून म्हणाला, "घाबरात तो."

मी ती ओळ खोडली नाही.