आजीने एका वाक्यात माझं रेंडर पाडलं

मालवणला घरी आलोय आणि सुट्टीतपण ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलोय, काय करणार, सवय. आमचीच पडवी बनवली, कौलं, खांब, जांभ्याचा चिरा सगळं मॉडेल झालं, सनलाइट टाकला, रेंडर मारलं, म्हणजे मॉडेलवरून तयार चित्र काढलं, आणि आजीला दाखवलं तर म्हणते, "ह्या घरात कोण रवत नाय काय रे?"

लागलं जरा. पण मग दुपारी बाहेर बसून नीट बघितलं तर आमच्या चुन्याच्या भिंतीचा खालचा हातभर भाग पांढरा नाहीच्चे, चक्क तांबूस आहे, कारण ऊन आधी अंगणातल्या लाल मातीवर पडतं आणि तिथून उसळून रंग घेऊनच भिंतीवर जातं. मी रेंडर लवकर व्हावं म्हणून डिफ्यूज बाउन्स, म्हणजे उजेडाने भिंती-जमिनीवरून किती उड्या मारायच्या तो आकडा, शून्य करून ठेवलेले (आळस, दुसरं काय)! उजेडाच्या ह्या उड्यांचं गणित कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या जेम्स काजियाने १९८६ मध्येच मांडलंय, ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन सायकल्स त्याच पाथ ट्रेसिंगवर (उजेडाच्या वाटेचा उडी-उडीने माग काढणं) चालतं. बाउन्स ४ केले, पडवी जिवंत झाली.

दुसरी गंमत सावलीची. सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून डोक्यावर ऊन असताना १० मीटर उंचीवरच्या झावळीच्या सावलीची कड साधारण ९ सेंटीमीटर पुसट होते, आणि खळ्यातल्या काठीची मात्र बुडाशी एकदम धारदार. मी ब्लेंडरच्या सूर्याचा अँगल, म्हणजे तो केवढा दिसतो ते माप, शून्य ठेवलेला, सगळ्याच सावल्या कात्रीने कापल्यासारख्या.

आता माजघरातलं काचेचं कौल राहिलंय. चुलीच्या धुरात तिथून जो तिरका पट्टा उतरतो ना, त्यासाठी व्हॉल्यूम (हवेतला धूर दाखवणारी सोय) लावलाय आणि लॅपटॉप रात्रभर पंख्यासमोर ठेवलाय. लाइट गेली नाही म्हणजे मिळवलं.