मंचाआधीची रांग

मी ऑडिओलॉजिस्ट. कान तपासायचे, श्रवणयंत्र बसवायचं, मूल वाढलं की यंत्राचा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, नव्याने करायचा, हे माझं रोजचं काम. बुवाबाजीचा छडा लावणाऱ्या एका गटाने मला एका बुवांच्या उपचारसभेला नेलं, कारण ‘जन्मतः बहिऱ्यांना ऐकू येतं’ हा तिथला सगळ्यात गाजलेला दावा होता आणि ऑडिओमीटर, म्हणजे ऐकू येणं मोजायचं यंत्र, चालवणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. ‘डॉक्टरांनी खुशाल येऊन तपासावं’ असं आयोजक माइकवरून सांगत असत. आम्ही तो शब्द धरला. सभा कुठल्या धर्माची होती ते मुद्दाम सांगत नाही. ही कारागिरी कुठल्याही झेंड्याखाली चालते.

खरं सांगायचं तर मी आधी बुवांचे कान बघितले. अमेरिकेतल्या पीटर पॉपॉफ या उपचारसभा घेणाऱ्या प्रचारकाचं प्रकरण डोक्यात होतं. भर सभेत तो अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार धडाधड सांगायचा. असे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या लक्षात आलं की बहिऱ्यांना बरं करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्याच कानात श्रवणयंत्रासारखं काहीतरी आहे. 1986 मध्ये त्यांचे सहकारी अलेक्झांडर जेसन यांनी रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्झवर पॉपॉफची बायको सापडली. भाविकांनी भरलेल्या कार्डांवरची माहिती ती नवऱ्याच्या कानात वाचून दाखवत होती. इथल्या बुवांच्या कानात मात्र काहीच नव्हतं. त्यांना गरजही नव्हती.

काम आधीच उरकलेलं असायचं, मंचामागच्या रांगेत.

तिथे स्वयंसेवक कर्णबधिरांच्या मागे उभे राहून जोरात टाळी वाजवत, मग कानाशी तोंड नेऊन ‘आ’ म्हणत. जो वळेल, दचकेल किंवा ‘आ’ परत म्हणेल तो मंचाच्या बाजूला. जो ढिम्म राहील त्याला ‘तुमच्यासाठी वेगळी प्रार्थना आहे’ असं सांगून मागच्या खुर्च्यांवर. क्लिनिकमध्ये आम्ही साधारण असंच करतो, म्हणून मला ते लगेच कळलं. ही चाळणी चाचणी होती, फक्त निकाल उलटा वापरला जात होता.

‘बहिरा’ म्हटलं की लोकांना वाटतं, आत संपूर्ण शांतता. तसं क्वचितच असतं. बहुतेकांत थोडी श्रवणशक्ती शिल्लक असते, आणि तीही बऱ्याचदा जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांची. साधं बोलणं मीटरभर अंतरावर 60 ते 65 डेसिबल भरतं. कानाला तोंड लावून ओरडलं तर ते सहज शंभरीच्या आसपास जातं, वर मंचावरचे स्पीकर. 80 डेसिबलची तूट असलेल्या मुलाला ते ऐकू येणारच. ते काल आलं असतं, उद्याही येईल. शिवाय खालच्या पट्टीचा मोठा आवाज नुसत्या कंपनानेही जाणवतो. आणि बुवा म्हणायला काय सांगत होते? ‘आ’, ‘मा’, ‘ओ’. ‘स’ किंवा ‘श’ हे वरच्या पट्टीचे आवाज एकदाही नाहीत. हे त्यांना ठरवून सुचलं होतं की अनुभवाने जमलं होतं, देव जाणे. रांगेतल्या स्वयंसेवकांपैकी दोन पोरं तरी मला मनापासून भाविक वाटली. आपण देवाचं काम सोपं करतोय, इतकंच त्यांच्या डोक्यात होतं.

मंचावर एका सहा वर्षांच्या मुलाच्या कानातली यंत्रं काढून पेटीत टाकली गेली. बुवा मागून ओरडले, तो ‘आ’ म्हणाला, मंडप उसळला. मंचाखाली त्याची आई रडत होती.

‘साक्ष’ नोंदवायच्या खोलीत आम्ही तिला गाठलं. नशिबाने तिच्याजवळ फाइल होती आणि फाइलमध्ये महिनाभरापूर्वीचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख. या असल्या तपासात ‘आधी’चा कागद मिळत नाही, तिथेच सगळं अडतं. विल्यम नोलन या अमेरिकी सर्जनने कॅथरीन कुलमन या प्रचारिकेच्या उपचारसभेत बरं झाल्याचं सांगणाऱ्या 23 जणांचा नंतर पाठपुरावा केला. त्यांना एकही खरा बरा झालेला सापडला नाही. पण त्यासाठी माणसांच्या मागे हिंडावं लागलं. माझ्यासमोर दोन्ही टोकं एकाच टेबलावर होती.

खोलीत गोंगाट होता. बारीक आवाजाची चाचणी तिथे ग्राह्य धरली नसती, पण इथे प्रश्नच मोठ्या आवाजांचा होता. इन्सर्ट इअरफोन घातले, वरून इअरमफ चढवले. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, हा खेळ त्याला पाठ होता. प्रत्येक पट्टीला ऐकू आलेला सगळ्यात हळू आवाज असा. उजवा कान : 250 हर्ट्झला 55 डेसिबल, 500 ला 65, 1000 ला 80, 2000 ला 95, 4000 ला यंत्राच्या शेवटच्या पातळीपर्यंत काहीच नाही. जुन्या आलेखाशी फरक कुठेही 5 डेसिबलपेक्षा जास्त नाही, आणि तेवढा फरक तर त्याच दिवशी पुन्हा तपासलं तरी पडतो. डावा कानही तसाच.

आईने आलेखाकडे बघितलंही नाही. “पण त्याने ऐकलं ना? सगळ्यांनी बघितलं.”

“ऐकलं. तुम्ही घरी त्याच्या कानाशी ओरडलात तरी ऐकेल. यंत्र होतं तेव्हा ओरडावं लागत होतं का?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “मशीन परत देतील?”

पेटी कोपऱ्यातच होती आणि ती शिट्ट्या मारत होती. चालू श्रवणयंत्रं एकमेकांवर पडली की त्यांचाच आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतो आणि ती किंचाळतात. बॅटऱ्या काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं. त्या ढिगातलं प्रत्येक यंत्र कुणाच्या तरी कानाच्या मापाचा मोल्ड लावलेलं, कुणाची तरी तूट मोजून सेट केलेलं. दुसऱ्याला ते जसंच्या तसं चालत नाही. म्हणजे दान म्हणूनही त्या पेटीचा उपयोग नव्हता.

कार्यकर्ता म्हणाला, “अर्पण केलेलं परत घेता येत नाही, ताई. श्रद्धा कमी पडली तर बरं झालेलंही जातं.” ही त्यांची पळवाट मला सगळ्यात किळसवाणी वाटते. दुखणं परतलं की दोष आईचा. आमच्या गटातल्या एकाने शांतपणे सांगितलं की वस्तू मुलाची आहे, मुलाने काही अर्पण केलेलं नाही, आणि फाइलमधल्या कार्डावर अनुक्रमांक आहे. त्यांचा वाद चालू असतानाच आईने पेटीत हात घातला. निळ्या मोल्डवरून तिने जोडी ओळखली. मी नंबर ताडून पाहिले.

यंत्रं घातल्यावर मी त्याच्या मागे उभी राहिले, मीटरभर अंतरावर, ओरडले नाही. आ, ऊ, ई, म, श, स, हे सहा आवाज आम्ही रोज वापरतो. त्याने पाच म्हणून दाखवले, ‘श’सुद्धा. ‘स’ला नुसता वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग यंत्रं काढून तेच केलं. सहापैकी एकही नाही.

दोन्ही आलेख जोडून आम्ही आयोजकांना पत्र दिलं : पेटीतली यंत्रं मालकांना परत करा आणि या मुलाचं चित्रीकरण वापरू नका. आईनेही सही केली. उत्तर आलं नाही. पुढच्या सभेच्या जाहिरातीत तो ‘आ’ म्हणताना दिसला. आता दुसरं पत्र तिने स्वतःच्या नावाने, वकिलाकडून पाठवलं आहे.