लाइट गेली की अडकणारा सर्व्हर

वळवाच्या पावसाने झोडपलेला हापूस पेटीत भरता येत नाही. तो सगळा कॅनिंगला येतो, किलोच्या भावाने. त्यामुळे मे संपताना रत्नागिरीजवळच्या त्या कारखान्याच्या गेटबाहेर टेम्पोंची रांग लागलेली असते. टेम्पो काट्यावर चढतो, वजन संगणकात जातं, पावती निघते. त्या दुपारी एकाही काट्यावर पावती निघेना.

तिथला फाइल सर्व्हर आमचा. त्यावर एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरू देणारा प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम), आणि तोही तिसऱ्या आवृत्तीतला, १९९५ सालचा. काट्यांचं सॉफ्टवेअर जुनं असल्यामुळे त्यावरच अडकून पडलोय. या आवृत्तीत मूळ प्रोटोकॉलला लॉक, म्हणजे एक जण फाइलमध्ये लिहीत असताना बाकीच्यांना थांबवून ठेवणं, हा प्रकारच ठाऊक नाही. त्यासाठी एनएलएम नावाचा वेगळा प्रोटोकॉल, आणि कोणता क्लायंट, म्हणजे सर्व्हर वापरणारा संगणक, बंद पडून पुन्हा सुरू झाला हे कळवायला स्टॅटडी ही आणखी एक सेवा. चौथ्या आवृत्तीत हे सगळं एकत्र आलं, पण ते सुख आमच्या नशिबी नाही. लॉक सांभाळणारा प्रोग्रॅम आमच्याच टीमने लिहिलेला.

मी पोचलो तेव्हा फोल्डर उघडत होते, कालच्या पावत्या दिसत होत्या. लॉक मागणारा प्रोग्रॅम मात्र जागचा हलत नव्हता. सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ शून्यावर. कुठे लूप फिरत असता तर सीपीयूचा एखादा कोअर तापला असता. इथे सगळेच कशाची तरी वाट बघत बसले होते.

"रीस्टार्ट मारा ना साहेब," सुपरवायझर म्हणाले. "मागच्या वेळी तसंच चालू झालं होतं."

"दहा मिनिटं द्या. आता रीस्टार्ट केलं तर का अडकलं ते कधीच कळायचं नाही."

त्यांनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पावतीपुस्तक काढून हाताने लिहायला बसले. जाता जाता म्हणाले, "सकाळपासून लाइट नुसती येतेय नि जातेय. तेव्हापासूनच नाटकं याची."

पुण्याहून सहकाऱ्याने फोनवर तर्क लढवला की दोन काट्यांनी एकमेकांना हव्या असलेल्या फायली धरून ठेवल्या असतील. पण काट्याचा प्रोग्रॅम एका वेळी एकच लॉक घेतो, वजन लिहितो आणि सोडतो. हातात एक धरून दुसऱ्याची मागणी करणारा कोणी असल्याशिवाय असं चक्र जुळत नाही. गाठ क्लायंटकडे नव्हती, सर्व्हरच्या पोटात होती.

चालू प्रोग्रॅमला जीडीबी, म्हणजे त्याच्या आत डोकावायचं साधन, जोडला आणि सगळ्या थ्रेडचे, म्हणजे आत समांतर चालणाऱ्या कामांचे, स्टॅक काढले. कोण कुठल्या पायरीवर थांबलंय ते त्यात दिसतं. जवळजवळ सगळे म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी प्रोग्रॅमच्या आतली किल्ली, मिळण्याची वाट बघत उभे. लिनक्सवर ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या म्युटेक्समध्ये तो सध्या ज्याच्या ताब्यात आहे त्या थ्रेडचा क्रमांक नोंदलेला असतो. माझ्या मते हा आकडा म्हणजे अर्धं काम. तो धरून एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जात राहिलो आणि शेवटी दोघांवर आलो. पहिल्याने फाइलचं म्युटेक्स घेतलेलं, त्याला क्लायंटच्या यादीचं हवं होतं. दुसऱ्याने यादीचं घेतलेलं, त्याला नेमकी तीच फाइल हवी होती. बाकीची गर्दी या दोघांच्या मागे साचलेली.

पहिला थ्रेड रोजचंच काम करत होता, लॉकची मागणी पुरी करण्याचं. दुसऱ्याचा स्टॅक वाचला आणि सुपरवायझरांचं बोलणं आठवलं. सर्व्हर यूपीएसवर आहे. काट्यांचे संगणक थेट भिंतीतल्या प्लगवर. लाइट फडफडली की ते बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि उठल्याउठल्या स्टॅटडीमार्फत सर्व्हरला कळवतात की आम्ही नव्याने आलोय. मग सर्व्हरने त्यांचे जुने लॉक सोडवायचे. ही साफसफाई यादीकडून फाइलकडे जायची, रोजची मागणी फाइलकडून यादीकडे. त्याच क्षणी दुसऱ्या काट्याची मागणी आली की दोघे समोरासमोर. पुण्याच्या लॅबमध्ये मशीन रीतसर शटडाउन होतात, लॉक आधीच सुटलेले असतात, साफसफाईला काही उरतच नाही. तिथे हे कधी दिसणार?

अडकलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत, म्हणजे कोअर फाइल, जपून ठेवली, सेवा रीस्टार्ट केली, टेम्पो हलले.

संध्याकाळी रांग संपल्यावर इलेक्ट्रिशियनला उभं केलं. एक काटा सतत लॉक घेत-सोडत ठेवायचा आणि दुसऱ्याचा एमसीबी खटकन पाडून पुन्हा वर करायचा. कधी अडकायचं, कधी नाही. पण अडकलं की स्टॅक तेच.

दुरुस्तीत खरी मेख वेगळीच निघाली. यादीचं म्युटेक्स हातात असताना त्या क्लायंटच्या फायली फक्त टिपून घ्यायच्या, ते सोडायचं, मग एकेक फाइल उघडायची, इतपत सोपं. पण सोडल्यानंतरच्या त्या फटीत नव्याने उठलेला काटा ताजं लॉक घेऊ शकतो, आणि जुनं समजून आपण तेच सोडवून टाकू. सुदैवाने एनएलएमच्या मागणीत क्लायंटचा स्टेट क्रमांक येतो आणि मशीन पुन्हा उठलं की तो वाढतो. लॉकसोबत तो साठवला, आणि फक्त मागच्या क्रमांकाचे लॉक सोडायचे असं ठरवलं. लॅबमध्ये आता क्लायंटची वीज मुद्दाम तोडणारी चाचणी आहे.

हाताने लिहिलेल्या पावत्या नंतर संगणकात चढवल्या. एका पावतीवर वजन आहे, गाडीचा नंबर नाही, आणि त्या आंब्यांवर दोन बागायतदार हक्क सांगतायत.